नवऱ्याच्या हातून सुटलेला चेंडू

बेसबॉल नावाच्या अमेरिकन खेळातला एक नियम मला येतो. माझ्या वयाच्या, आमच्या बीडकडच्या दुसऱ्या कुणा बाईला तो येत असेल असं वाटत नाही, आणि येऊ नये हेच बरं. मी तो हौसेनं शिकले नाही. घरात नातवंडं रेडिओला कान लावून क्रिकेट ऐकत बसतात. मी तिथून गेले की म्हणतात, आजी, तुला यातलं काय कळतंय. मी काही बोलत नाही. तोंड उघडलं तर नियम सांगावा लागेल, आणि नियम सांगितला की तो मला कुणी, कधी आणि कशापायी शिकवला तेही सांगावं लागेल. ज्यांच्यापुढे बोलायची सोय नव्हती ते दोघेही आता गेलेत. म्हणून लिहिते.

लिहायला मी लेकीबरोबर शिकले, तिच्याच पाटीवर. तेव्हा एखादा काना-मात्रा चुकला तर चालवून घ्या. माणसं मात्र मी चुकीची लिहिलेली नाहीत.

ते मोगलाईचे दिवस. निजामाचं राज्य, कचेरीत उर्दू, घरात मराठी, आणि बाजारात दोन्हींची खिचडी. माझं माहेर मांजरसुंब्याच्या घाटाजवळ, शेतीवाल्यांचं. सासर तिकडे सिरसाळ्याच्या अंगाला, तालुक्याच्या गावी. मधे बैलगाडीचे दोन मुक्काम. माझा नवरा तहसील कचेरीत अहलकार होता, म्हणजे कारकून. त्याच्या हयातीत 'नवरा' हा शब्द मी तोंडातून काढला नाही, सगळ्यांसारखी 'मालक' म्हणायचे. आता लिहिताना नवरा म्हणणार आहे, आणि एकेरीत लिहिणार आहे. एवढी चैन या वयात परवडते.

नवरा दिसायला नीटस, उर्दू अक्षर देखणं, बोलणं अदबशीर. आणि हाकिमापुढे वाकण्यात त्याचा हात धरणारा अख्ख्या तालुक्यात कुणी नव्हता. तो वाकला की रुमी टोपीचा काळा गोंडा पुढे येऊन नाकावर पडायचा. कचेरीतले लोक म्हणत, सलाम करावा तर यानंच. त्याला ते मोठं भूषण वाटायचं. घरी आला की तो कुणापुढेच वाकत नसे, अगदी पायातला काटा काढायचा असला तरी पाय माझ्यापुढे करायचा.

गावाबाहेर एका अमेरिकन पादऱ्याची शाळा होती. पादरी उंच, उन्हानं लालबुंद झालेला. मराठी पुस्तकातून शिकलेला, त्यामुळे भाजीवालीशीसुद्धा पुराण सांगितल्यासारखा बोलायचा. माणूस भला होता. त्याला आपल्या देशाच्या खेळाचं भारी वेड. सुताराकडून त्यानं बाभळीचे दांडू करून घेतले, मोच्याकडून सुताच्या गुंड्यावर कातडं शिवून चेंडू करून घेतला, आणि गोणपाटात भुसा भरून मैदानात चार कोपऱ्यांना चार ठाणी मांडली. एकानं चेंडू फेकायचा. दुसऱ्यानं तो दांडूनं टोलवायचा आणि एकेक ठाणं शिवत चौथ्याला, म्हणजे जिथून निघाला तिथंच, परत यायचं. तेवढं झालं की एक धाव. जिथं होतो तिथंच पोचायला एवढं पळायचं, याचं मला तेव्हाही हसू आलं होतं, पण बाप्यांच्या खेळाला आपण काय बोलणार.

तीनदा दांडू फिरवून तीनदा चेंडू हुकला की खेळणारा बाद. इथवर सगळ्या गावाला समजलं होतं. विटीदांडू खेळलेल्या माणसाला त्यात अवघड असं काही नव्हतं. पुढचं कुणी ऐकूनच घेतलं नव्हतं. पादरी सांगायचा, नाही असं नाही. पण तो सांगू लागला की लोक माना डोलवायचे, कारण गोऱ्या साहेबापुढे मान डोलवायची असते. तो बिचारा समजायचा की कळलं.

तहसीलदार साहेबांना हे प्रकरण आवडलं. ते हैदराबादचे, आमच्या गावात येऊन कंटाळलेले. त्यांनी हुकूम केला की कचेरीच्या लोकांनी शाळेच्या मास्तरांशी खेळावं. हुकूम म्हटल्यावर काय, चपराश्यांपासून सगळे खेळाडू झाले. नवऱ्याला काम मिळालं ते दांडूवाल्याच्या मागे उकिडवं बसून चेंडू झेलायचं. त्याचे हात चांगले होते, हे खोटं नाही. शिवाय तिथं पळावं लागत नसे, आणि तहसीलदारांची खुर्ची नेमकी त्याच्या पाठीशी मांडलेली असायची.

लग्नाला बरीच वर्षं होऊन गेल्यावर मला दिवस राहिले. तोवर सासूनं किती देव धुंडाळले असतील ते तीच जाणे. माझ्या आईनं तिकडे नारायणगडावर जाऊन नारळ वाहिला. सातवा सरत आला तसं आईनं दादाला, माझ्या थोरल्या भावाला, मुराळी म्हणून मला न्यायला पाठवलं. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आमच्याकडचा रिवाज. आणि आठवा लागला की पोटुशीला गाडीत बसवत नाहीत, नदी ओलांडू देत नाहीत, हाही रिवाज. म्हणजे निघायचं तर त्याच आठवड्यात, नाहीतर नाही. आईला दमा होता आणि त्या वर्षी तो फार वाढला होता. तिला स्वतः येणं झेपणारं नव्हतं. आणि आली असती तरी लेकीला मूल होईपर्यंत लेकीच्या घरचं पाणी पीत नाहीत, त्यामुळे राहिली कुठं असती? तिनं गाडीत खाली घालायला दोन नव्या गोधड्या शिवून दिल्या होत्या, मला हादरे बसू नयेत म्हणून. दम लागत असताना बसून शिवलेल्या, टाके कुठे जवळ, कुठे लांब.

मला आईकडे जायचं होतं. दुसरं काही म्हणजे काही नको होतं. सासू वाईट होती असं नाही, तिनं माझे डोहाळे पुरवले, मला जड उचलू दिलं नाही. पण पहिल्या वेळी बाईला भीती वाटते, आणि मला भीती वाटतेय हे वाक्य आई सोडून कुणापुढे बोलता येत नाही. सासूला बोलले असते तर ती म्हणाली असती, आमी न्हाई का बाळंत झालो. झाल्या असतील. मला आई हवी होती.

दादा नगरच्या बाजूला, इंग्रजी मुलखात, मिशनच्या शाळेत शिकलेला. वडलांना वाटलं पोरगं इंग्रजी शिकेल तर बरं, म्हणून एका नातलगाकडे ठेवलं होतं. तिथून तो थोडं इंग्रजी, हा दांडू-चेंडूचा खेळ, आणि खरं बोलायची खोड घेऊन परत आला होता. इंग्रजी पुढे विसरला. खोड राहिली.

सासऱ्यांनी न्यायला होकार दिला. नवरा म्हणाला, "जुम्म्याचा खेळ तेवढा बघून जा. दाजी कसा खेळतोय ते तुमच्या गावाकडं सांगाया नको का?" जुम्मा म्हणजे शुक्रवार, कचेरीची सुट्टी. दादा थांबला. आणि आदल्या दिवशी शाळेचा एक मास्तर तापानं पडला. पाहुण्याला खेळ येतो हे पादऱ्याला कुठून तरी कळलं, तो दारात येऊन विनंती करू लागला. दादा माझ्या नवऱ्याकडे बघायला लागला, जावयाविरुद्ध कसं खेळायचं म्हणून. नवऱ्यानंच त्याला भरीला घातलं. म्हणाला, "खेळ की बे. मेव्हण्याला बाद करायची मजा लई येगळी." घरभर हशा झाला. मीही हसले.

शुक्रवारी दुपार कलल्यावर सगळं गाव मैदानावर. बायकांसाठी शाळेच्या पडवीला बांबूच्या चिकाचे पडदे सोडले होते, त्याच्या फटीतून मी आणि सासू बघत होतो. मी भिंतीला टेकून बसले होते, पोटात मूल वळवळत होतं. खेळ बराच वेळ चालला, त्यातलं निम्मं मला कळलं नाही. शेवट तेवढा लख्ख आठवतो.

कचेरी एका धावेनं पुढे होती. शाळेचे शेवटचे गडी उरले होते, आणखी एक बाद झाला की खेळ संपला. एक मास्तर तिसऱ्या ठाण्यावर उभा, पहिली दोन ठाणी रिकामी. दांडू हातात घेऊन माझा भाऊ. त्याच्या मागे उकिडवा माझा नवरा. आणि त्याच्या मागे खुर्चीवर तहसीलदार साहेब. मला कोण जिंकावं असं वाटत होतं? नवरा. जिंकलेला नवरा खूश राहतो, आणि खूश असलेला नवरा बायकोला माहेरी हसत धाडतो. भावासाठी माझ्या मनात त्या वेळी काडीची माया नव्हती.

दादाचा पहिला चेंडू हुकला. दुसरा हुकला. तिसऱ्याला त्यानं जीव खाऊन दांडू फिरवला, तोही हुकला. चेंडू नवऱ्याच्या हातात बसला, बसल्यासारखा झाला, आणि निसटून त्याच्या पायाशी पडला. चहूकडून ओरडा झाला, बाद, बाद. नवऱ्यानं चेंडू शांतपणे उचलला, उभा राहिला, मागे वळला आणि तहसीलदारांना सलाम करायला वाकला.

हे त्यानं का केलं ते मोगलाईत राहिलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. हाकिमाच्या देखत काही फत्ते केलं की आधी हाकिमाला सलाम, मग बाकीची दुनिया. कुस्ती मारलेला पैलवानसुद्धा अंगाची माती न झटकता आधी तेच करतो. आणि नवऱ्याचा सलाम म्हणजे साधा नव्हे, फर्शी सलाम. कमरेत वाकून हात जमिनीपाशी न्यायचा, कपाळापर्यंत आणायचा, पुन्हा खाली, पुन्हा वर. चेंडू डाव्या हातात धरलेला. त्याचं बघून चेंडू फेकणारा धावत आला आणि वाकला. ठाण्यांवरचे चपराशी आपापल्या जागी वाकले. अख्खी कचेरी तहसीलदारांकडे तोंड करून वाकली.

आणि माझा भाऊ दांडू टाकून पळत सुटला.

सासू मला म्हणाली, "लाजून पळालं जणू लेकरू." सगळ्यांना तेच वाटलं. पादरी तेवढा दोन्ही हात हलवत इंग्रजीतून काही ओरडत होता. तिसऱ्या ठाण्यावरचा मास्तर आधी गोंधळला, मग चौथ्या, म्हणजे घराच्या ठाण्यावर येऊन उभा राहिला. दादा पहिलं ठाणं शिवून दुसऱ्याकडे गेला, दुसरं शिवून तिसऱ्याकडे. तिसऱ्यावरून तो वळला तेव्हा कुठे एका चपराश्याला शंका आली आणि त्यानं हाक मारली. पण हाकिमापुढचा सलाम अर्धा टाकून कोण उठतो? नवरा शेवटच्या सलामातून वर येत होता तेव्हा त्याच्या मागून माझ्या भावानं घराच्या ठाण्यावर पाय ठेवला होता. पादऱ्यानं दोन्ही हात आडवे पसरले. बाद नाही. दोन धावा. शाळा जिंकली.

मग पादरी तहसीलदारांजवळ गेला आणि मोडक्या उर्दूत त्यांना काही समजावू लागला. साहेब हुशार, त्यांना पटकन कळलं. आणि ते हसायला लागले. पोट धरून, डोळे पुसत, खुर्ची हलेपर्यंत हसले. म्हणाले, "मियाँ, तुम सलामां करते रह गए, वो चक्कर मार को आ गया." हाकीम हसला म्हणून सगळं गाव हसलं. हसण्यालाही हुकूमच लागायचा आमच्याकडे, आणि तो मिळाला होता. नवरा हातात चेंडू घेऊन तसाच उभा. चिकाच्या फटीतून मला त्याचं तोंड दिसत होतं, आणि मला तिथंच समजलं की माझं काही खरं नाही.

दिवेलागणीला तो घरी आला. हातपाय धुतले नाहीत. ओसरीवर सासरे आणि दादा बसले होते, त्यांच्यासमोर उभा राहून म्हणाला, "ह्यानं उद्या कचेरीच्या पायरीवर चार माणसांत म्हणावं, की मी बाद झालतो, पळायला नको होतं. मग न्यावं बहिणीला."

दादा उठला आणि त्याच्या पाया पडला. माझा मोठा भाऊ. म्हणाला, "दाजी, चुकलं माझं. तुमच्याविरुद्ध खेळायलाच नको होतं. उद्या कचेरीत येऊन चार माणसांत माफी मागतो."

"माफी कोण मागतंय? बाद झालतो म्हण."

"असं कसं म्हणू, दाजी? मी बाद न्हवतो."

"तीनदा हुकलास न्हवं?"

"हुकलो. पण तुमच्या हातून चेंडू सुटला."

आता मला सांगा, जावयाला त्याच्या घरात, त्याच्या बापासमोर, तुमच्या हातून चेंडू सुटला असं म्हणायची काही गरज होती? पण खरं होतं ना ते. दादाला खरं दिसलं की त्याला समोर कोण उभं आहे ते दिसत नसे. सासरे खाली मान घालून सुपारी कातरत राहिले. पोराची बाजू चुकीची आहे हे त्यांना दिसत असावं, पण मुलीकडच्यांनी नमायचं असतं आणि मुलाकडच्यांनी नमवून घ्यायचं असतं, यापुढे त्यांचा विचार कधी गेला नाही. नवरा म्हणाला, "मग एकलाच जा," आणि आत आला.

आत मी होते. मी म्हणाले, "अहो, तुमच्या दोघांचं काय असंल ते असू द्या. आठवा लागतोय मला."

तो म्हणाला, "हाकीम हसला माझ्यावर. उद्या कचेरीत मला कोण विचारतंय?" त्याचे डोळे भरून आले होते. खोटं कशाला सांगू, तेव्हा मला त्याची कीव आली. एवढं मोठं पोट घेऊन मी त्याच्यासाठी पाणी आणायला उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा परसात बैलांना पाणी पाजत होता. सासूनं तिथं चिंचा फोडून वाळत घातल्या होत्या. मी त्याच्याजवळ गेले. म्हणाले, "दादा, म्हणून टाक ना. एवढंसं तर हाय."

"बाई, तुला नियम ठावं न्हाई."

"नसंना का."

"न्हाई, तू ऐक तरी." त्यानं बैल सोडला, खाली बसला, आणि मूठभर चिंचोके उचलून मातीत मांडायला लागला. हा दांडूवाला. हा मागं बसणारा, म्हणजे दाजी. ही चार ठाणी. मी समोर बसले. बसताना त्रास होत होता, त्यानं हात दिला, माया नव्हती असं नाही.

तो सांगू लागला. तीनदा हुकलं की बाद, हे खरं. पण तिसऱ्या वेळी मागच्यानं चेंडू हातात धरून ठेवला तर. त्याच्या हातून सुटला, जमिनीला लागला, तर काम अर्धवट राहिलं. मग दांडूवाल्याला पळायची मुभा. तो पहिल्या ठाण्यावर पोचायच्या आधी चेंडू तिथं पोचला, किंवा चेंडू घेऊन कुणी त्याला शिवलं, तर तो बाद. न्हाईतर तो खेळात. "म्हंजे मी चुकलो म्हणून बाद होत न्हाई, बाई. मी चुकलो आन् समोरच्यानं आपलं काम नीट केलं, तवाच बाद. माझं हुकलं, दाजींचं सुटलं. मग एकट्या मलाच शिक्षा कावून?"

मला ते आवडलं. खरंच आवडलं. मी म्हणाले, "मग समदेच पळत असतील."

"न्हाई ना. पहिलं ठाणं रिकामं पायजे. तिथं आपला गडी उभा असला तर पळता येत न्हाई. आपले दोन गडी आधीच बाद असले तर मात्र चालतंय."

"असं कावून?"

त्यानं एक चिंचोका पहिल्या ठाण्यावर ठेवला. म्हणाला, बघ, हा इथं उभा आहे. मी पळालो तर ह्याला पुढं पळावं लागेल. मग मागचा माणूस लबाडीनं मुद्दाम चेंडू पाडील आणि एकाऐवजी दोघांना बाद करील. तसं होऊ नये म्हणून ती अट.

मी त्या चिंचोक्यांकडे बघत राहिले. कुठल्या कुठल्या देशात बसून कुणी तरी विचार केला होता, की माणूस मुद्दाम हातातलं पाडील, आणि त्यात भलत्याच माणसाचा बळी जाईल, म्हणून आधीच बंदोबस्त करावा. साध्या खेळासाठी एवढा विचार. मी दादाला पुन्हा एकदा मांडून दाखवायला लावलं, मग मी मांडून दाखवलं, एकदा चुकले, मग बरोबर मांडलं. माझ्या आयुष्यात कुणी मला इतकं मन लावून काही शिकवलं नव्हतं. काल सलामाच्या आधी चेंडू पहिल्या ठाण्यावर फेकला असता तर दादा बाद होता, हेही मी त्याला सांगितलं. त्याचा चेहरा उजळला.

"तू लई हुशार हाईस, बाई. अख्ख्या कचेरीला कळलं न्हाई ते तुला कळलं."

मी म्हणाले, "कळलं. तू बाद न्हवतास. आता कचेरीत जाऊन बाद होतो म्हण, आन् मला घेऊन चल."

तो माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मीच काही भलतं बोलले. म्हणाला, "आत्ताच तर कळलं की तुला, मी बाद न्हवतो म्हणून."

"कळलं म्हणूनच म्हणते. खरं काय ते तुला ठावं हाय, मला ठावं हाय. आई वाट बघतीया, दादा."

"आईनंच शिकवलंय खोटं बोलू नको म्हणून," असं म्हणून तो उठला आणि बैल जुंपायला गेला. आईचं नाव तो माझ्याविरुद्ध वापरील असं मला वाटलं नव्हतं. मी तिथंच मातीत बसून राहिले. मला वाटतं मी तेव्हाच मोठ्यानं रडायला हवं होतं, गल्ली जमा करायला हवी होती. पण आमच्याकडे मुराळ्यासमोर रडणं म्हणजे सासरची बदनामी, म्हणून डोळे पुसून भाकऱ्या बांधून द्यायला आत गेले.

तो जाताना दोन्ही गोधड्या काढून ओट्यावर ठेवून गेला. म्हणाला, राहू दे, तुला होतील.

झाल्या. त्याच गोधड्यांवर मी बाळंत झाले. सुईण होती, सासू उशाशी बसली होती, माझा घाम पुसत म्हणत होती, मी हाय ना. होती, मान्य करते. पण दर कळेला माझ्या तोंडून आईचंच नाव येत होतं आणि दर वेळी सासूचा हात थोडा थांबायचा. तिलाही लागत असेल. मुलगी झाली.

तिकडे थंडी पडली आणि आईचा दमा छातीत बसला. मी बाळंतिणीच्या खोलीतून बाहेर यायच्या आधी ती गेली. ओल्या बाळंतिणीला कुणी मयतीला नेत नाहीत, मला तर कळवलंही उशिरा. दादा सांगायला आला तेव्हा त्याचं डोकं भादरलेलं होतं. अंगणात उभा राहून बोलला, आत आला नाही. नवरा ओसरीवर बसून राहिला, त्यानं पाणीसुद्धा विचारलं नाही. दादा म्हणाला, शेवटी शेवटी आईला नीट बोलता येत नव्हतं, रस्त्यानं गाडी गेली की ती हातानं विचारायची, आली का. मी मुलीला त्याच्यापुढे धरलं. त्यानं तिच्याकडे बघितलं आणि तोंड फिरवलं.

पुढे मी मन समजावत गेले. समजावल्याशिवाय त्या दोघांच्यात राहणार कशी? नवऱ्याचं मी असं धरलं की त्याला बिचाऱ्याला नियम ठाऊक नव्हता. आपल्यावर अन्याय झाला असं त्याला मनापासून वाटत होतं, आणि चिडलेला माणूस काय, काहीही करतो. भावाचं असं धरलं की त्याचा स्वभावच तसा, खोटा शब्द त्याच्या जिभेवर येणारच नाही, त्याला दुसरं काही सुचलंच नसेल. अशी एकेकाला थोडी थोडी करून मी दोघांनाही माफी देत गेले. वर्षं लागली. सणाला भाऊ येऊ लागला, नवरा त्याच्याशी आधी पिकापाण्याचं, मग कचेरीचं बोलू लागला. मला वाटलं, चला, निभावलं.

मग लेकीचं लग्न निघालं. मामा म्हणून दादानं तिला बोहल्यावर आणलं. पंगती उठल्या, पाहुणे मांडवात सतरंजीवर टेकले, आणि व्याह्यांच्या बाजूच्या कुणी तरी पादऱ्याच्या शाळेचा विषय काढला. झालं. नवऱ्याला तो खेळ आठवला. त्यानं गोष्ट सांगायला घेतली, आणि काय सांगितली. स्वतः उठून फर्शी सलाम करून दाखवला, दादा त्याच्यामागून सतरंजीच्या कडेनं पळून दाखवत होता. दोघांचे केस पांढरे झालेले. मांडव हसून लोळत होता. मी सुपारीचं तबक घेऊन तिथं आले होते.

नवरा डोळे पुसत म्हणाला, "खरं सांगू का, मला तर त्याच सांजच्याला कळलतं. घरी येताना पादऱ्यानं वाटंत गाठलं आन् समदा नियम उलगडून सांगितला. म्हणला, तुमचा मेव्हणा बाद न्हवता. पण गावादेखत हसं झालतं ना. कुनी तरी नमाया पायजे होतं."

दादा हसत म्हणाला, "आता म्हणताव व्हय, दाजी? आन् मी काय केलतं ठावं हाय का? वेशीपर्यंत गेलतो आन् गाडी थांबवलती. म्हणलं जावं माघारी, म्हणून टाकावं एकदाचं, काय जातंय आपलं. तोंडात आलतं वाक्य. पर मग वाटलं, दाजी हसतील."

"हसलो असतो, बे," नवरा म्हणाला, आणि त्यानं दादाच्या मांडीवर थाप मारली. दोघे पुन्हा हसायला लागले. मग नवऱ्यानं माझ्याकडे बघून विचारलं, "तुला आठवतंय का गं?"

मी म्हणाले, आठवतंय. तबक त्यांच्यापुढे ठेवलं. दोघांनी सुपारी घेतली.

एकाला नियम कळला होता आणि दुसऱ्याच्या तोंडात वाक्य आलं होतं. माझी आई माझ्यावाचून गेली ती दोघांना सगळं कळत असताना गेली. इतक्या वर्षांत जुळवून जुळवून दिलेली माफी मी तिथं उभ्या उभ्या परत घेतली. लग्नघर होतं, त्यामुळे बोलले काही नाही. ते दोघे मरेपर्यंत ती त्यांना पुन्हा मिळाली नाही, आणि मिळाली नाही हे दोघांनाही कधी कळलं नाही.